पेन्शन अमळनेरची, मुक्काम मेलबर्नला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाटबंधारे खात्यातून निवृत्त आहे. पेन्शन जळगाव कोषागारातून अमळनेरच्या बँकेत येते. यंदा नोव्हेंबरात आम्ही दोघं मुलाकडे मेलबर्नला असू. हयातीच्या दाखल्याचं कसं करावं?

त्यासाठी परत यायची गरज नाही. घरबसल्या ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढता येतो. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अॅप लागतात, पुढचा कॅमेरा निदान ५ मेगापिक्सेलचा हवा. दोन्ही अॅप निघण्याआधी इथेच उतरवून एकदा उघडून पाहा. आधी ‘ऑपरेटर’ म्हणून एकाची नोंद होते. आधार असलेला मुलगा ते काम करू शकतो, तुम्ही स्वतःही करू शकता. मग पेन्शनरचा आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन ऑर्डरचा) क्रमांक, खाते क्रमांक आणि पेन्शन मंजूर करणारं व वाटप करणारं कार्यालय भरायचं आणि चेहरा स्कॅन करायचा.

घोळ होतो तो ‘वाटप करणारं कार्यालय’ या रकान्यात. कोषागाराऐवजी बँक निवडली की दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन अडकते. जुनी पेन्शन ऑर्डर समोर ठेवूनच भरा. आधारवरचं आणि पीपीओवरचं नाव जुळत नसेल तर ते इथे असतानाच दुरुस्त करून घ्या. स्कॅन होत नसेल तर खिडकीकडे पाठ करून बसू नका. उजेड तोंडावर हवा, चष्मा काढा आणि सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करा.

प्रमाण आयडीचा (दाखल्याच्या क्रमांकाचा) मेसेज आला म्हणजे काम झालं असं नाही. दाखला तयार झाला, एवढाच त्याचा अर्थ. तो स्वीकारला की नाकारला हे नंतर कळतं, म्हणून आठ-दहा दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर पाहाच. ओटीपीसाठी भारतातलं सिम जिवंत ठेवा. ९० दिवस काहीच वापर नसलेलं प्रीपेड सिम बंद होऊ शकतं. रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्या.

अॅप जमलंच नाही तर छापील नमुना भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यासमोर सही करून, शिक्का घेऊन कोषागाराला कुरिअर करा. भुसावळच्या रेल्वे पेन्शनरांपैकी ज्यांनी ऐंशी ओलांडली, त्यांना दाखला १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) पेन्शनला नोव्हेंबरचं बंधन नाही, दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. जिल्हा परिषदेच्या निवृत्तांनी मात्र आपली पंचायत समिती डिजिटल दाखला घेते का, हे जाण्याआधी विचारावं.

प्रश्न : सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर जातोय. बँक खातं एनआरओ करावं लागेल का?

एनआरओ म्हणजे परदेशी राहायला गेलेल्यांचं इथलं रुपयांतलं खातं. परत यायचंच असेल तर ते करावं लागत नाही. ग्रीन कार्ड किंवा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन तिकडे राहायला गेलात तर मात्र करावं लागतं. पेन्शन एनआरओ खात्यातही जमा होते. पण ठेवींच्या व्याजावर मूळ ३० टक्के दराने कर कापला जातो आणि ज्येष्ठांचा ‘कर कापू नका’ हा अर्ज तिथे चालत नाही.

प्रश्न : रावेर तालुक्यात साडेतीन एकर केळीची जमीन आहे. आम्ही पती-पत्नी डॅलसला ग्रीन कार्डवर. पुतण्या तोंडी बटाईने करतो. आता विकायची आहे. त्याच्या नावे मुखत्यारपत्र केलं तर चालेल?

चालेल, पण आधी खर्च पाहा. महाराष्ट्रात विक्रीचे अधिकार विनामोबदला देताना आई-वडील, भाऊ, बहीण, पती-पत्नी, मुलगी, नातवंडं अशा जवळच्यांना मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. इतर कुणाला दिलं तर बाजारभावावर खरेदीखताइतकं. पुतण्याचं नाव त्या यादीत थेट येत नाही, म्हणून सख्खा भाऊ हयात असेल तर मुखत्यारपत्र त्याच्या नावे करा.

मजकुरात गाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि नेमके अधिकार लिहा : सौदा, सही, दुय्यम निबंधकांसमोर हजेरी. ‘सर्व अधिकार’ असं मोघम लिहू नका. पैसे तुमच्याच एनआरओ खात्यात जमा व्हावेत, हे त्यातच नमूद करा. सही ह्यूस्टनच्या वकिलातीत करा, किंवा स्थानिक नोटरीसमोर करून टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र) घ्या. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित व्हायला हवा. कुरिअरचं पाकीट आणि पावती फेकू नका, तारखेचा पुरावा तोच असतो.

घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक आणि शेतकरी असला पाहिजे. तिकडे स्थायिक झालेल्या मित्राला विकता येत नाही, मग त्याची गावात कितीही जमीन असो. करासाठी अंतर मोजून घ्या. दहा हजारांवर ते एक लाखापर्यंत वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन ग्रामीण धरली जाते आणि तिच्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. एक ते दहा लाख वस्तीला हे अंतर ६ किलोमीटर होतं. अंतराचा दाखला विक्रीआधी काढा, नाहीतर घेणारा मोठी रक्कम करापोटी कापून बसेल आणि ती परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागेल. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत तिकडे नेता येतात.

विक्री होईपर्यंत पहारा ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तो दर हंगामात काढा. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस दिसते. हरकतीला १५ दिवसच असतात, म्हणून महिन्यातून दोनदा तरी उघडा. ई-पीक पाहणीचा फोटो त्या गटात उभं राहूनच काढावा लागतो, ते काम पुतण्याला तारीख सांगून नेमून द्या. बटाई दरवर्षी कागदावर आणा. घरातलाच पोरगा आहे म्हणून सोडू नका, तोंडी व्यवहारातूनच भाऊबंदकी उभी राहते.

आणि मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या निधनाबरोबर संपतं. त्यानंतर त्याच्यावर केलेली सही टिकत नाही. वारसांनाच पुढे यावं लागतं. वय झालं असेल तर मृत्युपत्र सोबतच करून ठेवा.

प्रश्न : तिकडच्या इलेक्ट्रिक शेगडीवर आपलं भरीत होतं का? सूनबाईंनी विचारलंय.

होतं, धुराचा वास मात्र कमी पडतो. आकाराच्या मानाने हलकं वांगं घ्या, त्यात बिया कमी असतात. काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचा, नाहीतर आतली वाफ कोंडून ते ओव्हनमध्ये फुटतं. तेल चोळून ओव्हनमध्ये २३० अंश सेल्सिअसवर पाऊण तास, दोनदा पालटत. शेवटची पाच मिनिटं वरून आच देणाऱ्या ब्रॉयलरखाली. अंगणात कोळशाची ग्रिल असेल तर तीच वापरा, पऱ्हाटीवरच्या (कपाशीच्या काड्यांवरच्या) चवीच्या जवळ तीच नेते. कोळसा घरात पेटवू नका, बंद घरात त्याचा वायू जिवावर बेततो.

किलोभर वांग्यांना आठ-दहा हिरव्या मिरच्या, पंधरा लसूण पाकळ्या, अर्धी वाटी शेंगदाणे, कांद्याची पात जुडीभर. मिरची-लसूण भाजून ठेचा, मिक्सरमध्ये वाटू नका, भरीत चिकट होतं. सोबत कळण्याची भाकरी हवी तर तीन भाग ज्वारीच्या पिठात एक भाग सालासकट उडीद दळून घाला. तिकडच्या दुकानातलं ज्वारीचं पीठ जुनं असतं, भाकरी चिरते. ते उकळत्या पाण्यात भिजवून झाका आणि दहा मिनिटांनी मळा.