नव्या औषधांना मान्यता : घाई आणि खबरदारी

प्रश्न : असाध्य आजाराच्या रुग्णाजवळ थांबायला वेळच नसतो. अशा वेळी नव्या औषधाच्या चाचण्या वर्षानुवर्षे चालवून नियामक यंत्रणा नेमके कोणाचे रक्षण करते? धोका पत्करायचा की नाही, हे रुग्णालाच का ठरवू देऊ नये?

उत्तर : आपली तगमग रास्त आहे आणि अशाच तगमगीतून नियमही बदललेले आहेत. एड्सच्या रुग्णांनी व त्यांच्या पाठीराख्यांनी १९८८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मुख्यालयासमोर मोठे आंदोलन केले, आणि १९९२ मध्ये तेथे त्वरित मान्यतेची तरतूद झाली. औषधाने आयुष्य वाढते का, हे सिद्ध होईपर्यंत न थांबता, गाठ आकसणे किंवा रक्तातील विषाणू घटणे अशा लवकर दिसणाऱ्या खुणांवरून या तरतुदीखाली मान्यता देतात. मात्र प्रत्यक्ष लाभ दाखवणारी चाचणी कंपनीला नंतर पूर्ण करावीच लागते.

अडचण अशी की, खूण सुधारली म्हणजे रुग्ण सुधारला असे नसते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांतील अनियमितता आटोक्यात ठेवण्यासाठी एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे दिली जात. ठोके खरोखरच सुधारत. तरीही ती घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त असल्याचे १९८९ मध्ये एका मोठ्या चाचणीत उघड झाले. तुलनेची चाचणी नसती, तर ते मृत्यू मूळ आजाराच्याच खाती जमा झाले असते. धोका पत्करण्याचा रुग्णाचा अधिकार मला मान्य आहे. परंतु धोका किती, हेच कोणाला ठाऊक नसेल, तर त्याच्या संमतीला अर्थ उरत नाही.

माझा खरा आक्षेप त्वरित मान्यतेला नसून तिच्यानंतरच्या ढिलाईला आहे. मुदतपूर्व प्रसूती टाळण्यासाठीच्या ‘मकेना’ या इंजेक्शनला २०११ मध्ये अशी मान्यता मिळाली, नंतरच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले, आणि मान्यता रद्द व्हायला २०२३ उजाडले. इतकी वर्षे गर्भवती स्त्रियांनी ते टोचून घेतले, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते. पुढची चाचणी मान्यतेपूर्वीच सुरू करण्याची अट घालण्याचा अधिकार तेथील प्रशासनाला २०२२ च्या अखेरीस कायद्याने मिळाला. तो आधीच मिळायला हवा होता.

आपल्या परिचयात असा रुग्ण असल्यास, त्याला सामील होता येईल अशी एखादी चाचणी चालू आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. औषध मान्यताप्राप्त असेल, तर ती मान्यता आयुष्य वाढल्याच्या पुराव्यावर मिळाली की केवळ एखाद्या खुणेवर, हेही विचारून घ्यावे.