रेसिड्युअल स्ट्रेसला 'उरलेला ताण' म्हणावं का?

प्रश्न असा आहे की वेल्डिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांच्या कंपनांवर मराठीत लिहायचंय, तर रेसिड्युअल स्ट्रेसला, म्हणजे बाहेरून जोर नसतानाही धातूच्या आत उरलेल्या ओढ-दाबाला, 'उरलेला ताण' चालेल का. माझं मत, 'उरलेला' चालेल, 'ताण' नको, आणि विषय कंपनांचा असेल तर अजिबातच नको.

ताण म्हटलं की आपल्याला ओढ दिसते. सरफेस टेन्शनला आपण पृष्ठताण म्हणतो, म्हणजे ती जागा टेन्शननं आधीच अडवलीय. शिवाय आटपाडीकडं डाळिंबाचा बहार धरायला पाणी तोडतात त्यालाही ताण देणंच म्हणतात, ते वेगळंच.

पत्र्यात मात्र ओढ आणि दाब दोन्ही एकाच वेळी असतात. टिग वेल्डिंग मारताना जोडाजवळचा धातू तापून पसरायला बघतो, बाजूचा गार पत्रा त्याला पसरू देत नाही म्हणून तो तिथल्या तिथंच चेपतो, आणि मग गार होताना आकसायला लागला की तोच बाजूचा पत्रा आता त्याला आकसूही देत नाही. शेवटी वेल्डच्या रेषेत ओढ राहते, लांबच्या भागात दाब राहतो, आणि बाहेरून काहीच जोर नसताना दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं आणि ताठपणा साधारण एक तृतीयांश, त्यामुळं पातळ पत्रा लगेच फुगतो. कुपवाड एमआयडीसीत याला सरळ 'पत्रा ओढला' म्हणतील, आणि जोडापुरतं ते अगदी बरोबर आहे.

आता कंपनं. मिरजेच्या तंबोऱ्याची तार आवळली की सूर चढतो, तशी ओढ पत्र्याची वारंवारता, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा थरथरतो ते, वाढवते, पण दाब ती उतरवतो. त्यामुळं पत्रा ज्या आकारात थरथरतो त्यात दाबाचा पट्टा जास्त वाकत असेल तर ती वारंवारता खाली येते, ओढीचा पट्टा जास्त वाकत असेल तर वर जाते, म्हणजे एकाच पत्र्यात काही वारंवारता चढलेल्या आणि काही उतरलेल्या सापडतात. दाब फारच वाढला तर एक वारंवारता शून्याकडं जाते आणि पत्रा फुगा धरतो. जाडी 4 मिमीची 2 मिमी केली की वाकण्याला होणारा विरोध आठवा हिस्साच उरतो, म्हणून हा परिणाम पातळ पत्र्यात ठळक दिसतो. हे सगळं 'ताण' या एका शब्दात लिहिलं तर वाचणारा म्हणेल ताण वाढला तर वारंवारता उतरली कशी!

म्हणून स्ट्रेसला परिभाषेतला 'प्रतिबल' घ्या, म्हणजे 'अवशिष्ट प्रतिबल', जड वाटलं तर 'उरलेलं प्रतिबल', आणि जिथं दिशा महत्त्वाची तिथं बिनधास्त 'ओढ' आणि 'दाब' लिहा. स्ट्रेनला, म्हणजे जोरानं आकारात पडणाऱ्या फरकाला, 'विकृती' आहेच, तिथंही ताण घालू नका. तुमचं वाक्य मग असं होईल: वेल्डपासून लांबच्या भागातल्या दाबाच्या अवशिष्ट प्रतिबलामुळं पत्र्याची पहिली वारंवारता उतरली.