खंडाळ्याची जुनी रिव्हर्सिंग लाइन : काय शोधायचं, कसं ओळखायचं

तुम्ही विचारलंय की बोरघाटातली ब्रिटिशांच्या काळातली बंद पडलेली रेल्वेलाइन पुण्याहून एका दिवसात बघून होईल का आणि अवशेष ओळखायचे कसे. होईल की, सकाळची लोणावळा लोकल पकडा. पण आधी ती लाइन तशी का टाकली होती ते समजून घ्या, मग जंगलात काय शोधायचं ते आपोआप कळतं.

1863 ला घाट सुरू झाला तेव्हा कर्जतकडून चढत आलेली गाडी डोंगराच्या सोंडेवर यायची आणि पुढे वळायला जागाच नाही, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं की गाडी उलट तोंडाने खंडाळ्याकडे. 1929 च्या सुमारास विजेची इंजिनं आली, नवीन बोगदे झाले आणि हा तुकडा सुटला. म्हणजे एका टोकाला मिळणाऱ्या दोन वाटा शोधायच्यात, एक खाली कर्जतकडे जाणारी, दुसरी वर खंडाळ्याकडे.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे चढ. घाटात जास्तीत जास्त 37 ला 1, म्हणजे 100 मीटर चाललात तर जेमतेम पावणेतीन मीटर वर, आणि तोही एकसारखा, कुठे दम लागणार नाही. पायवाट अशी कधीच नसते. मग मोऱ्या बघा, म्हणजे लाइनखालून पाणी जायला बांधलेल्या दगडी वाटा, कापीव काळा दगड, त्यावर टाकीचे घाव अजून दिसतात, सांध्यात चुना आणि त्यात पिंपळाची मुळं. गवत वाळल्यावर, जानेवारीनंतरच जा.

अमृतांजन पूल बरेच जण रेल्वेचाच समजतात, तो रस्त्याचा होता, 1830 चा, आपल्याकडे पहिली गाडीच 1853 ची! 2020 ला तो पाडला. रेल्वेच्या दगडी कमानी त्याच्या जवळच आहेत, एक्सप्रेसवेवरून दिसतात, पण तिथे गाडी अजिबात थांबवू नका. चालू ट्रॅकवर पण जायचं नाही, गुन्हा आहे आणि घाटात वळणामुळे गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

आणि हो, अ‍ॅलिस ट्रेडवेलबद्दल जरूर वाचा. नवरा सॉलोमन 1859 ला याच घाटाच्या रेल्वेचं कंत्राट घेऊन आला आणि थोड्याच दिवसांत वारला, तर या बाईने काम सोडलं नाही, माणसं नेमून पुरं करून घेतलं. एवढ्या मोठ्या कामात तिचं नाव कोणी घेतच नाही याचं फार वाईट वाटतं.

फोटो टाकाल तेव्हा चढ कुठल्या दिशेला आहे ते लिहा, त्यावरून दोनपैकी कुठली वाट ते सांगता येईल.