मुलाचं डोळे मिचकावणं 'केमिकल'मुळे होतं का? रक्त तपासून कळेल का?

ताई, तुमचा आठ वर्षांचा मुलगा सहा महिन्यांपासून डोळे मिचकावतो, घसा खाकरतो आणि 'मेंदूतलं केमिकल बिघडलंय, रक्त तपासा' असं तुम्हाला कुणी सांगितलंय. अशा आपोआप, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींना आणि आवाजांना टिक्स म्हणतात. त्यांच्यासाठी अशी तपासणी नसते. डोपामिन नावाचं केमिकल मेंदूच्या पेशींमध्ये जे काम करतं, ते रक्तात मोजून कळत नाही. डॉक्टर सगळं विचारून आणि मुलाला बघूनच निदान करतात. नुसतं डोपामिन मोजायला पैसे घालवू नका.

केमिकलची गोष्ट मात्र अगदीच खोटी नाही. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग असतो. कुठली हालचाल होऊ द्यायची, कुठली दाबायची, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा. डोपामिन हालचालीला वाट देतं, गाबा हे दुसरं केमिकल ब्रेक लावतं. टिक्समध्ये हा ब्रेक नीट लागत नाही असं मानतात. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन ही औषधं डोपामिनला अडवतात आणि टिक्स कमी होतात. पण क्लोनिडिन या औषधाचा मार्ग वेगळा, तो नॉरॲड्रेनलिन या आणखी एका केमिकलचा. तरी त्यानेही फरक पडतो. म्हणजे एकाच केमिकलवर खापर फोडता येत नाही.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझ्या मुलाला सातव्या वर्षी हे सुरू झालं. गणपतीच्या आरतीला पाहुणे जमले की मान जास्तच झटकायचा, आणि तबल्यावर बसला की बराच वेळ काहीच नाही. 'बघा, मनात आणलं की थांबतं, नाटकं आहेत,' असं नातेवाईक म्हणायचे. ते आठवलं की अजून संताप येतो. मन गुंतलं की टिक्स कमी होतात, हा त्यांचा स्वभावच आहे. थोडा वेळ दाबताही येतात. शाळेत दिवसभर दाबून ठेवायचा आणि घरी चपला काढायच्या आत सुरू व्हायचं. 'आई, मानेत काहीतरी अडकतं, झटकल्यावर सुटतं,' असं तो सांगायचा.

म्हणून टोकू नका, शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवा. टिक्स बहुधा दहा ते बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त असतात, पुढे बऱ्याच मुलांच्या कमी होतात. त्रास होत असेल तर मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सांगली-मिरजेकडे चौकशी करा. सीबीआयटी या वर्तनोपचाराबद्दल विचारा. त्यात टिकची चाहूल ओळखून तिच्याऐवजी दुसरी हालचाल करायला शिकवतात. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंवा ओसीडी (नको असलेले तेच ते विचार, त्याच त्या कृती) सोबत आहे का, हेही विचाराच. कधी कधी त्याचाच त्रास जास्त असतो.

जाताना मोबाईलवर घरातले दोन-तीन व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात मुलं नेमकी शांत बसतात.