‘वाढ घटक’ की ‘वृद्धिकारक’?

प्रश्न : ‘ग्रोथ फॅक्टर’ला ‘वाढ घटक’ म्हणावे का? ‘शरीरद्रवांतील वाढ घटकांमुळे हृदयाच्या पेशी वाढतात’ हे वाक्य बरोबर आहे का?

उत्तर : ‘घटक’ नको. मराठीत घटक म्हटले की औषधातले किंवा खतातले घटक आठवतात, म्हणजे मिश्रणाचे भाग. हा ‘फॅक्टर’ पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टर, म्हणजे संकेत घेणारा रेणू) जोडला जातो आणि पेशीकडून काम करवून घेतो. करतो तो कारक. ‘रोगकारक’ रुळला आहेच, त्याच वळणाचा ‘वृद्धिकारक’ घ्यावा. ‘संप्रेरक’ हॉर्मोनसाठी राखून ठेवावा. सीमारेषा मात्र पक्की नाही : एफजीएफ-२३ (फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर-२३) नावाने वृद्धिकारक, पण तो हाडांत तयार होतो आणि रक्तातून मूत्रपिंडापर्यंत जाऊन संप्रेरकासारखा वागतो.

खरी अडचण ‘वाढतात’मध्ये आहे. पेशी वाढल्या म्हणजे दोनाच्या चार झाल्या, की होत्या त्याच मोठ्या झाल्या? मराठी क्रियापद दोन्ही अर्थ देते आणि हृदयाच्या बाबतीत नेमके तेच चालत नाही. जन्मानंतर थोड्याच काळात हृदयस्नायूच्या पेशींचे विभाजन जवळजवळ थांबते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पेशींतील कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) मापनानुसार पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. म्हणून प्रौढ हृदयावर एंडोथेलिन-१ किंवा एफजीएफ-२ यांसारखी वाढीचा संकेत देणारी द्रव्ये काम करतात तेव्हा मुख्यतः पेशींचे आकारमान वाढते, संख्या नव्हे. इथे ‘आकार’ही लिहू नये, त्यातून घडणही सूचित होते. आणि घडण वेगळी बदलते : रक्तदाबाच्या ताणाने पेशी जाड होते, जादा रक्ताच्या भाराने लांब.

पेशी मोठ्या होण्याला ‘हायपरट्रॉफी’ म्हणतात. त्यातल्या ग्रीक ‘ट्रोफी’चा अर्थ पोषण, म्हणून ‘अतिपुष्टी’ मला सर्वांत नेमका वाटतो. ‘हायपरप्लेझिया’ला सरळ ‘पेशीसंख्येची वाढ’ म्हणावे. ‘अतिवृद्धी’ने दोन्हींचा घोळ कायम राहतो.

आता ‘शरीरद्रव’. शक्यतो द्रवाचे नाव घ्यावे, कारण रक्तद्रव (प्लाझ्मा) आणि रक्तरस (सीरम, म्हणजे रक्त साखळल्यावर उरणारा द्रव) यांत वृद्धिकारकांचे प्रमाण सारखे नसते. रक्त साखळताना बिंबिका (प्लेटलेट) आपल्याजवळचे वृद्धिकारक सोडतात, ते रक्तरसात उतरतात. १९७४ साली अमेरिकी संशोधक रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की धमनीच्या स्नायुपेशी रक्तरसात जोमाने विभागतात; बिंबिका काढून टाकलेल्या रक्तद्रवापासून केलेल्या रसात तसे होत नाही. प्रयोगशाळेत उंदराच्या पिल्लाच्या हृदयपेशी वाढवताना बऱ्याचदा १० टक्के गर्भवासराचा रक्तरस घालतात. पण एखाद्या वृद्धिकारकाची चाचणी घ्यायची असेल तर आधी साधारण २४ तास पेशी रक्तरसाविना ठेवतात. ही पायरी चुकली तर रक्तरसातलेच वृद्धिकारक तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींनाही पुष्ट करतात आणि फरक दिसतच नाही. अनुवादात ‘रक्तरस’च्या जागी ‘रक्तद्रव’ पडला, तर या पायरीचे कारणच वाचकाला कळणार नाही.

तुमचे वाक्य असे करता येईल : ‘रक्तातील काही वृद्धिकारकांमुळे हृदयस्नायूच्या पेशींचे आकारमान वाढते.’

हिंदीवरून अनुवाद करत असाल तर आणखी एक जपा. हिंदीतली ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू, आपली पेशी म्हणजे त्यांची ‘कोशिका’. ‘हृदय की पेशी’चे ‘हृदयाची पेशी’ केले की अख्खा स्नायू एका पेशीत मावतो.