ही ओढ त्याची, की आमची?

"आम्हीच त्याला या मार्गाला लावलं का हो, ताई?" दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसल्याबसल्या एका माउलीने हाच प्रश्न केला. २६ वर्षांचा मुलगा बँकेतली नोकरी सोडून आळंदीला जातो म्हणत होता. जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं राहून त्याला कीर्तनकार व्हायचं होतं. लालबागच्या चाळीतलं माळकरी घर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रामदासस्वामी बोहल्यावरून निघून गेले, तसं आमच्या घरात होणार, म्हणून त्या रडत होत्या. वडील गप्प होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसेना, अभिमान दिसला.

हा प्रश्न घेऊन किती वेगवेगळी घरं येतात! वसईच्या ख्रिस्ती घरातल्या मुलाला धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जायचं असतं, जैन घरातल्या मुलीने दीक्षेचं नाव काढलेलं असतं. मी आईवडिलांना खोटा दिलासा देत नाही. होय, तुम्हीच लावलंत. तिसऱ्या वर्षी मांडीवर घेऊन हरिपाठ शिकवलात, सप्ताहात त्याने टाळ धरला तेव्हा सगळी चाळ कौतुकाने बघत राहिली. लेकराला देव आधी आईबापांच्या चेहऱ्यावरच दिसतो, त्यात अपराध कसला? मी शोधते ते एवढंच, की त्या मुलाला 'नाही' म्हणायची मुभा कधी होती का.

त्याआधी एक गोष्ट मात्र तपासते. मूल जेवणझोप सोडत असेल, मित्र तोडत असेल, कुणी त्याला घरापासून गोष्टी लपवायला किंवा पैसे आणायला सांगत असेल, तर वाट पाहू नये, मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं. इथे तसं काही नव्हतं.

मुलगा एकटा भेटला तेव्हा मी विचारलं, "उद्या बाबा म्हणाले, 'तू गेलास काय, न गेलास काय, मला सारखंच', तर जाशील?"

तो बराच वेळ गळ्यातल्या माळेचे मणी चाचपत राहिला. "असा विचारच कधी केला नाही, मॅडम."

जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे फार नेमकं मांडलं होतं: काही माणसं शोध न घेताच घरचं ध्येय आपलं म्हणून स्वीकारतात. ते ध्येय चांगलंही असू शकतं. पण पुढे कठीण दिवस आले की टिकून राहायला स्वतःचं कारण हाताशी नसतं.

तिसऱ्या भेटीत वडील बोलले. १९८२ साली ते १७ वर्षांचे होते. पखवाज शिकत होते, आळंदीला जायचं ठरलं होतं. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि आजोबांचा पगार थांबला. धाकटी भावंडं होती. हे छापखान्यात लागले. "पखवाज माळ्यावर टाकला तो..." पुढचं त्यांना बोलवेना.

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण कीर्तनकार घरी आले की बाबांचा आवाज बदलतो, हे त्याने लहानपणीच टिपलं होतं. घरात ज्याचा कधी उच्चार होत नाही, ते मुलं अशी उचलतात. बापाची राहून गेलेली वाट आपण चालायची, असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. तो चालायला मात्र निघाला होता.

मी म्हटलं, राजीनामा नको, रजा घे. बाबांना कुणी ओळखत नाही अशा दिंडीतून आषाढी वारी कर. तो आळंदी ते पंढरपूर चालून आला. "कीर्तनात मला झोप यायची, मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "पण मुक्कामी म्हाताऱ्यांचे पाय चोळायला बसलो की उठावंसंच वाटायचं नाही. याला काय म्हणायचं?"

मी नाव दिलं नाही. ते त्यालाच सापडू दे. तो अजून बँकेत जातो, निर्णय झालेला नाही, आणि आईनेही आता रोज विचारणं सोडलंय.

गेल्या चातुर्मासात आळंदीला राहायला गेले ते वडील. माळ्यावरचा पखवाज मुलानेच खाली काढला आणि त्याच्या पुड्या बदलून आणल्या.