खाण येण्याआधीचे तीस दिवस

चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांच्या कोळसा पट्ट्यातून आलेल्या पत्रांना या अंकात एकत्र उत्तरं देत आहोत. कुणाची खाण अजून कागदावर आहे, कुणाच्या घरापर्यंत ब्लास्टिंगचे हादरे पोचले आहेत.

आमच्याकडे खुल्या कोळसा खाणीची जनसुनावणी लागली आहे. गावाचा विचार असा की जायचं, घोषणा द्यायच्या आणि बहिष्कार टाकून उठून यायचं. हे योग्य होईल का?
– एक शेतकरी, वरोरा तालुका

राग रास्त आहे, पण उठून येऊ नका. खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधीची ही जनसुनावणी केंद्राच्या ज्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार होते, तिच्यात गणपूर्तीची अटच नाही. मांडवात दहा माणसं उरली तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं आणि इतिवृत्त पुढे जातं. त्या इतिवृत्तात घोषणा उतरत नाहीत. माइकवर बोललेलं आणि लेखी दिलेलं तेवढं उतरतं.

खरी लढाई सुनावणीच्या आधीच्या ३० दिवसांत असते. निदान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका मराठी दैनिकात जाहिरात यावी लागते. ते कात्रण तारखेसह जपून ठेवा. दिवस कमी भरत असतील तर पहिली हरकत तीच. त्या दिवसापासून खाणीच्या पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात बघायला मिळायला हवा, सोबत मराठी सारांशही. ग्रामपंचायतीत अहवाल पोचलाच नसेल तर सरपंच किंवा ग्रामसेवकाकडून तसं लेखी घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. तोंडी 'नाही आला' याला किंमत नाही.

अहवाल जाडजूड असतो, पण सगळा वाचायची गरज नसते. आधी खाणीच्या सीमेपासून १० किलोमीटरच्या परिघाचा नकाशा काढा. तुमचं गाव, नाले, तलाव, विहिरी, शाळा त्यात आहेत का ते बोट ठेवून तपासा. सुटलेल्या प्रत्येक गोष्टीचा गट क्रमांकासह फोटो घ्या. मग हवा-पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले ते बघा. पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी लागते. मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, हेही बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर सापडला होता, तेव्हा ही शंका अवाजवी नाही.

त्यानंतर वाहतुकीचा हिशेब स्वतः मांडा. समजा, वर्षाला २० लाख टन कोळसा काढणार आहेत. कामाचे ३०० दिवस धरले तर रोज सुमारे ६,६६७ टन. २० टनांच्या टिप्परनं ३३३ भरलेल्या फेऱ्या आणि तेवढ्याच रिकाम्या. सोळा तास वाहतूक चालली तर शाळेसमोरून दर दीड मिनिटाला एक टिप्पर. 'धुळीचा त्रास होईल' यापेक्षा हे वाक्य इतिवृत्तात जड पडतं, आणि कंपनीच्या माणसाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. मातीचंही असंच करा. एका टन कोळशामागे ५ घनमीटर माती-दगड निघणार असेल तर वर्षाला १ कोटी घनमीटर. तो ढीग कुठे घालणार, किती उंच, आणि पावसात वाहून कोणत्या नाल्यात जाणार? या तिन्हींची उत्तरं नकाशावर मागा.

सुनावणीच्या दिवशी विषय वाटून घ्या: एकानं पाणी, एकानं रस्ता, एकानं गुरांची चराई, एकीनं दवाखान्यातल्या नोंदी. तोच मुद्दा वीस जणांनी सांगितला तर इतिवृत्तात तो एकच ओळ होतो. बोलून झालं की तेच लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी लागतो, आणि पूर्ण चित्रीकरण सक्तीचं आहे. शेवटी कार्यवाहीचा सारांश मराठीत वाचून दाखवल्याशिवाय कुणीही हलू नका. मुद्दा गळला असेल तर तिथंच उभं राहून सांगा. नंतर माहिती अधिकारात चित्रीकरण मागवता येतं, पण इतिवृत्त दिल्लीला पोचल्यावर ते दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं होतं. घोषणा द्यायच्याच असतील तर हे सगळं आटोपल्यावर मांडवाबाहेर द्या, मनसोक्त द्या.

कोळशासाठी जमीन संपादित होणार, असं तलाठी सांगतात. आम्ही तहसीलदारांकडे हरकत दिली. एवढं पुरेसं आहे का?
– वणी तालुका

नाही, आणि इथंच सगळ्यात जास्त माणसं फसतात. आधी संपादन कोणत्या कायद्याखाली आहे ते विचारा. वेकोलिसारख्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) सरकारी कंपनीसाठी बहुधा १९५७ चा कोळसा क्षेत्र संपादन कायदा लावतात. त्यात कलम ४ ची अधिसूचना म्हणजे कोळसा शोधण्याचा इरादा. कलम ७ ची अधिसूचना म्हणजे जमीन घेण्याचा इरादा. हरकतीचा हक्क या दुसऱ्या टप्प्यावर आहे आणि त्याला अधिसूचनेपासून फक्त ३० दिवस आहेत. कलम ९ ची घोषणा निघाली की हरकतीचं दार बंद.

हरकत द्यायची ती तहसीलदारांकडे नव्हे, अधिसूचनेत नमूद केलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे. तो सहसा कोलकात्याचा कोळसा नियंत्रक असतो. गावात कागद देऊन निवांत बसलेल्यांची मुदत तिकडे संपून जाते. अधिसूचना भारताच्या राजपत्रात इंग्रजी-हिंदीत निघते, गावात दवंडी होईलच असं नाही. म्हणून गावातल्या एकानं तरी ई-राजपत्राचं संकेतस्थळ दर आठवड्याला बघायची जबाबदारी घ्यावी. हरकत स्पीड पोस्टानं, प्रत्येक खातेदाराच्या नावानं वेगळी, गट क्रमांक आणि क्षेत्रासह पाठवा आणि समक्ष सुनावणीची मागणी त्यातच लिहा. सामायिक सातबाऱ्यावर एकाच भावाची सही असली तर बाकीच्यांचं म्हणणं मांडलंच गेलं नाही असं होतं.

या कायद्यात खातेदारांच्या संमतीची अट नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण मोबदला आणि पुनर्वसन २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबानं द्यावं लागतं. खासगी कंपनीसाठी २०१३ च्याच कायद्यानं जमीन घेत असतील तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. त्यामुळे कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कोणत्याही फॉर्मवर सही करू नका, मग तो 'हजेरीचा' म्हणून पुढे केलेला का असेना.

खाण खोल गेली तशी विहीर आटायला लागली. अधिकारी म्हणतात, पाऊसच कमी झाला. पुरावा काय देणार?
– भद्रावती तालुका

खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेला की तिथलं पाणी पंपानं सतत उपसावं लागतं. मग आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी खाणीकडे ओढलं जातं आणि जवळच्या विहिरी आधी उतरतात. पाऊस मात्र जवळच्या आणि लांबच्या विहिरीवर सारखाच पडतो. पुरावा या फरकातूनच उभा राहतो. म्हणून खाणीजवळच्या तीन आणि चार-पाच किलोमीटर लांबच्या दोन विहिरी निवडा, शक्यतो सारख्या खडकातल्या.

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटनं एक बाण काढा. दर वेळी मोजायचं ते त्याच बाणापासून. मोटार आदल्या संध्याकाळीच बंद ठेवा आणि सकाळी उपसा सुरू होण्याआधी मोजा. फायबरच्या टेपच्या टोकाला जड नट बांधून सावकाश सोडा, पाण्याला टेकला की बाणाशी आकडा वाचा. ९.४० मीटर आला आणि कठडा ०.९० मीटर उंच असेल, तर पाणी जमिनीपासून ८.५० मीटरवर. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला हे करा. मे अखेरची आणि पावसाळा संपल्यानंतरची नोंद चुकवू नका. वहीत तारीख, वेळ, आकडा, मोटार किती तास चालते ते आणि दोघांच्या सह्या. टेप दिसेल असा फोटोही काढा.

नोंदी बाद होतात त्या साध्या चुकांनी. उपसा चालू असताना मोजलेलं असतं, मधेच कठडा बांधून उंच केलेला असतो, किंवा सगळे आकडे एकाच पेनानं एकाच दिवशी लिहिल्यासारखे दिसतात. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी हातात आल्या की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे आकडे मागून शेजारी ठेवा. खाणीला पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तोही मागवा. खाण दिवसाला किती पाणी उपसते, हे त्यात शोधा.

ब्लास्टिंगनं भिंतींना भेगा पडल्या. तक्रार केली की म्हणतात, काळ्या मातीमुळे.
– चंद्रपूर तालुका

काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, त्यानं भेगा पडतात हे खरंच आहे. म्हणूनच फक्त फोटो देऊन भागत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करा. भिंत हलली की पट्टी तडकते. पट्टी पोपडे आलेल्या गिलाव्यावर लावू नका, गिलावा खरवडून विटेवर लावा, नाहीतर गिलावा सुटतो आणि काच शाबूत राहते. सोबत रोजच्या ब्लास्टिंगची वेळ लिहा. काच ऐन हिवाळ्यात, ब्लास्टिंगच्याच दिवशी तडकली तर मातीचं कारण टिकत नाही.

खाण सुरक्षा महासंचालनालयानं १९९७ साली कच्च्या आणि विटा-सिमेंटच्या घरांसाठी कंपनाची मर्यादा ठरवून दिली आहे: वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यावर १५. कंपनमापक तुमच्या घराशी, तुमच्यासमोर लावावा अशी लेखी मागणी करा. मोजणीच्या दिवशी नेहमीपेक्षा कमी स्फोटकं भरली जाण्याची शक्यता असते. म्हणून एकाच दिवसाचं मोजमाप मान्य करू नका, निदान पंधरवड्याचं मागा.

ग्रामसभेचा विरोधाचा ठराव खरंच उपयोगी पडतो का?
– गडचिरोली जिल्हा

वनहक्क असलेल्या गावात नक्की पडतो, पण तो नीट झालेला हवा. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे. वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. ठरावात 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहू नका. सामूहिक वनहक्काचा दावा क्रमांक, क्षेत्र, त्या जंगलातून मोह, तेंदू, बांबू किती मिळतो आणि देवस्थानं कुठे आहेत हे लिहा. दावे प्रलंबित असतील तर तेही लिहा, कारण वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला जंगलातून काढता येत नाही.

आणि रजिस्टर सांभाळा. शेजारच्या छत्तीसगडमध्ये हसदेव अरण्यातल्या गावकऱ्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये रायपूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरची पदयात्रा काढली. परसा खाणीसाठी दाखवलेले ग्रामसभांचे ठराव बनावट आहेत, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. ठराव झाला की शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा, त्याखालीच सह्या-अंगठे घ्या, प्रत्येक पानाचा फोटो त्याच रात्री पाच-सहा जणांच्या मोबाइलवर पाठवा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या.

या सगळ्यानं एक तरी खाण थांबली आहे का?
– ब्रह्मपुरी

ताडोब्याजवळची लोहारा खाण थांबली. २००९ मध्ये चंद्रपुरात तिच्याविरोधात बेमुदत उपोषण झालं, वाघांच्या भ्रमणमार्गाचा मुद्दा लोकांनी लावून धरला आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं प्रस्ताव पुढे जाऊ दिला नाही. त्याच परिसरातला बांदर हा कोळसा पट्टा २०२० मध्ये लिलावाच्या यादीतून वगळला गेला. दोन्ही ठिकाणी कोळसा निघायला लागण्याआधीच विरोध उभा राहिला होता, हे महत्त्वाचं.

आम्ही पुण्यात नोकरीला आहोत, सातबारा गावचा आहे. काय करता येईल?

तुमच्या नावानं हरकत तुम्हीच पाठवा, गावातल्या भावानं दिली म्हणून थांबू नका. सुनावणीला येता येत नसेल तर लेखी म्हणणं प्रदूषण नियंत्रण मंडळाला ठरलेल्या मुदतीत द्या. शिवाय पर्यावरण मंजुरीसाठीच्या केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर प्रस्ताव कुठवर आला ते बघत राहा. शहरात बसून हे काम गावापेक्षा सोपं आहे.

मंजुरी मिळाल्याचं दिसलं तर त्याच दिवशी गावाला कळवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० मिळू शकतात, त्यापुढे एकही नाही. भरपाईची मागणी नसेल तर शुल्क १,००० रुपये. अपिलाला जनसुनावणीतल्या लेखी हरकतीची पोच, ग्रामसभेचा ठराव आणि विहिरींची वही जोडा.